आधी वारा पाहा, मग धावा



अग्निशमन जवानांच्या सभेत अध्यक्षानं शौर्याचे गोडवे गावेत अशी रीत आहे. पण पद्मनाभपुरात, भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या इतक्या जवळ बसून मला ते जमायचं नाही.

१२ जून २०१४ आठवा. भट्टीचा वायू धुणाऱ्या यंत्रणेला पाणी पुरवणारा पंप बिघडला, दाब घसरला आणि पाण्याच्या वाहिनीतून वायू उलटा पंप हाऊसमध्ये शिरला. सहा जण गेले. त्यांत दोन वरिष्ठ अधिकारी होते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. आत कोसळलेला सहकारी तेवढा दिसतो आणि उचलायला गेलेला त्याच्याच शेजारी आडवा होतो. त्या दिवशी मदतीला गेलेले जवानही बाधितांत होते. मग ९ ऑक्टोबर २०१८. कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीवर ठरलेलं दुरुस्तीचं काम चालू असताना भडका उडाला. मृतांत अग्निशमन दलाची माणसं होती. पुढच्याच वर्षी उरणला ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागली, तिथंही तेच.

म्हणून माझं म्हणणं रोखठोक आहे: गॅसच्या कॉलवर थांबता येणं हीच पहिली कर्तबगारी.

आता घरोघरी पाइपचा गॅस येतोय. मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनी छत्तीसगडातूनच जाते. हा गॅस, म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. तो छताकडे चढतो. सिलिंडरचा जड, तो खाली साचतो. गॅस डिटेक्टरची नळी कुठं धरायची ते यावरून ठरतं. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन झाला की ठिणगी पुरते. आपण मात्र खालच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यालाच, अर्ध्या टक्क्याला, माणसं बाहेर काढायची.

गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब उभी करा. गटाराच्या झाकणावर तर नकोच. दारावरची बेल वाजवू नका, हातानं ठोठवा. दिवा चालू असेल तर चालूच राहू द्या, कारण बटण बंद करतानाही ठिणगी पडते. नाकावर विसंबू नका: गॅसला मुद्दाम दिलेला वास जमिनीतून झिरपताना माती शोषून घेते. रस्त्याखाली फुटलेला गॅस गटारातून तिसऱ्या घराच्या तळघरात निघतो, तेव्हा शेजारची घरंही तपासा.

आणि ज्यावर नवे पोरगे हमखास चुकतात ते: पेटलेला गॅस विझवण्याची घाई. लोक ओरडतात, ‘पाणी मारा!’ मारायचंच, पण आजूबाजूला, भिंती थंड ठेवायला. व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत ज्योत जळू द्यावी. ती विझवली आणि गॅस येतच राहिला, तर तो खोलीत भरतो आणि मग आगीच्या जागी स्फोट होतो. रस्त्यावरचा व्हॉल्व्ह मात्र गॅस कंपनीच्या माणसानंच फिरवावा. चुकीचा फिरला तर भलत्याच वस्तीचा पुरवठा तुटतो.

पुस्तकात हे सगळं आहे. गाडीत काय आहे, ते मला विचारायचंय.

ठराव मांडतो. पहिल्या निघणाऱ्या प्रत्येक गाडीत चालू स्थितीतला गॅस डिटेक्टर आणि किमान दोन श्वसनसंच असावेत; संच लावल्याशिवाय आणि जोडीदाराशिवाय कुणी आत शिरू नये; महापालिका, कारखाना आणि गॅस कंपनी यांनी दरवर्षी एकत्र सराव करावा. सभागृहानं तो आजच मंजूर करावा, ही विनंती.