मुलांपुढे ‘फकिरा’ कशी ठेवावी?
(इंदिरानगर, नाशिक येथे पालकांसमोर केलेले भाषण)



मुलांस कादंबरी शिकवावयाची म्हणजे तिचा सारांश फळ्यावर उतरवून देणे नव्हे. तसा सारांश बाजारात विकत मिळतो आणि परीक्षा होताच विसरला जातो. आज मी एकाच कादंबरीविषयी बोलणार आहे. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली, १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले, आणि लेखकाने ती बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली आहे.

पहिला पाठ हजेरीचा घ्यावा. ब्रिटिश अमदानीत गुन्हेगार जमातींच्या कायद्याने माणूस जन्मावरूनच गुन्हेगार ठरे व निरपराध असूनही त्यास हजेरी द्यावी लागे. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. एक दिवस वर्गातील निम्म्या मुलांनी खेळ सोडून तीनदा वहीत सही करावी. ही मुले चिठ्ठ्या टाकूनच निवडावीत, आडनाव पाहून कदापि नव्हे! सायंकाळी त्यांस काय वाटले ते त्यांनीच सांगावे. गुरुजींनी मध्ये बोलू नये.

नंतर खटला चालवावा. दुष्काळात उपाशी माणसांसाठी फकिराने धान्य लुटले, हा गुन्हा काय? दोन्ही पक्षांनी प्रत्येक विधानास पुस्तकातील पान दाखविले पाहिजे. न्यायाधीशपद वर्गातील सर्वांत अबोल मुलीस द्यावे आणि तिने निकाल कारणांसह लिहावा. आमच्या मुलांस बोलता येत नाही, अशी तक्रार आपण करतो. परंतु त्यांस बोलण्याचे स्थान आपण कधी दिले?

आता अवघड भाग. फकिराचा बाप राणोजी गावासाठी जोगिणी आणताना मारला जातो. हा देवीचा प्रकार आपल्या घरात नको, म्हणून ते प्रकरण गाळावे, असे काही पालक म्हणतात. माझे मत उलट आहे. राणोजी देवीसाठी मेला की गावाच्या मानासाठी? आणि ज्या गावाचा मान त्याने राखला, त्या गावात त्याचे घर कोठे होते? हे मुलांस शोधू द्या. मग त्यांस पंचवटीत काळाराम मंदिराच्या दाराशी न्या. २ मार्च १९३० रोजी तेथे सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवल्यास, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. राणोजीचे धैर्य आणि सत्याग्रहींचे धैर्य यांत भेद कोणता, यावर मुलांनी एक पान लिहावे. उत्तर आपले नसले तरी खोडू नये.

घरी रोज एक प्रकरण मुलाने मोठ्याने वाचावे. अडलेला शब्द प्रथम आजीस विचारावा. तिला अक्षर येत नसेल, पण बलुते म्हणजे काय हे ती कोशाहून नीट सांगेल. तिने सांगितलेला अर्थ मुलाने तिच्याच शब्दांत वहीत उतरवावा आणि खाली तिचे नाव लिहावे.