बदलत्या व्याजाचे गृहकर्ज
(मोखाडा येथील पालक सभेतील भाषण)



घराचा हप्ता वाढला की पहिली कात्री मुलांच्या शिक्षणाला लागते. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० झाला. त्याला जोडलेली कर्जेही महागली.

दहा लाख रुपये, वीस वर्षे, ७ टक्के व्याज : हप्ता सुमारे ७,७५३ रुपये. दर लगेच अडीच टक्के चढला, तर महिन्याचे व्याजच ७,९१७! हप्ता तोच ठेवला, तर मुद्दल उलट वाढेल.

हप्ता वाढवावा की मुदत, हे निवडण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशाने कर्जदाराला दिली आहे. तेव्हा बँकेत जाऊन विचारा. विद्यार्थ्यांनो, वडिलांनी सही करण्यापूर्वी हा हिशेब तुम्ही मांडून दाखवा.