पहिलं माप गाडीच्या टपापासून

श्रोतेहो, मिनेसोटातली थंडी कशी असते हे मी तुम्हाला सांगायला नको. जानेवारीत पारा फॅरनहाइटच्या शून्याखाली गेला की गॅरेजमध्ये पाना हातात धरवत नाही, आणि गाडीखाली साचलेला मिठाचा चिखल सकाळी दगड झालेला असतो. अशा दिवसांत मला फोन येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो : "काका, गॅरेजच्या छताला वरून ऊब देणारा हीटर लावायचाय. किती बीटीयूचा घेऊ?"

मला सात मिनिटं दिली आहेत, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. बीटीयूचं, म्हणजे हीटरच्या ताकदीचं, नंतर बघू. आधी गाडी आत लावा, टेप घ्या आणि गाडीच्या टपापासून छतापर्यंत किती जागा उरते ते मोजा. जमिनीपासून नाही, टपापासून.

पंख्याचा हीटर हवा तापवतो. ती हवा छताला जाऊन बसते आणि मोठं दार वर गेलं की निघून जाते. वरून किरणांनी तापवणारा हीटर हवेच्या नादी लागत नाही. तो फरशी, हत्यारं, गाडीचा पत्रा आणि तुमची पाठ तापवतो. दार उघडून मिटलं तरी फरशीत ऊब शिल्लक राहते. म्हणून मला हा प्रकार मनापासून आवडतो. पण त्याची ताकद जिथे आहे तिथेच त्याचा धोकाही आहे, कारण जे सगळ्यात जवळ असेल ते सगळ्यात जास्त तापतं.

तुमच्या आजीनं निखाऱ्यावर पापड भाजलेला आठवतो? पापड निखाऱ्याला टेकत नाही, तरी भाजतो. निखारा मोठा की लहान याचा हिशेब ती करत बसत नाही. चिमटा किती वर धरायचा तेवढं बघते. जरा खाली गेला की काळा डाग, जरा वर राहिला की कच्चा. शिवाय तिचा हात सारखा फिरत असतो, म्हणून एकाच जागी आच बसत नाही. आता हीच चूल उलटी करून छताला टांगा. निखारा वर, पापड खाली. आणि हा पापड म्हणजे तुमची गाडी. ती रात्रभर एकाच जागी उभी असते, तिला फिरवणारा हात नाही.

वरून किरणांनी तापवणाऱ्या हीटरचा एक प्रकार म्हणजे गॅसवर तापणारी नळी. ती बहुतेक वेळा काळीच दिसते. लाल नाही म्हणजे फार तापलेली नसेल, असं लोकांना वाटतं. पण १८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाचे रंग लोलकातून वेगळे करून त्यात थर्मामीटर ठेवले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा जास्त चढला होता. आपल्या नळीची ऊब त्याच न दिसणाऱ्या भागातली आहे. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, टेपवर ठेवा.

आता आकडे. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत गॅरेजचं छत आठ फूट, म्हणजे ९६ इंच असतं. नळी छताला चिकटवता येत नाही. वर मोकळी जागा सोडावी लागते, त्याखाली परावर्तकाचा पत्रा. म्हणजे तिची खालची बाजू साधारण ८२-८४ इंचांवर येते. मध्यम आकाराच्या एसयूव्हीचा टप ७० इंचांच्या आसपास. उरले किती? बारा ते चौदा इंच. आणि बऱ्याच नळी-हीटरना खालच्या बाजूला तीन-चार फूट, काहींना त्याहूनही जास्त मोकळं अंतर लागतं. माहितीपुस्तिकेच्या सुरुवातीलाच त्याचा तक्ता असतो : वर किती, बाजूला किती, खाली किती. दुकानात पैसे मोजण्याआधी तो तक्ता मागून घ्या. तिथे लाज कसली?

थांबा, माप अजून पुरं झालेलं नाही. गाडीची डिकी उघडा. एसयूव्हीचं मागचं झाकण वर गेलं की टपाच्याही वर जातं. किराणा उतरवताना ते दहा मिनिटं तसंच उघडं असतं. मग गॅरेजचं मोठं दार उघडा. ते छताखाली आडवं येऊन बसतं, त्याच्या आत अनेकदा फोम असतो. त्या दाराच्या वाटेवर किंवा त्याच्या वर नळी येता कामा नये. मी एका घरी गेलो होतो, तिथे फळीवर रचलेल्या दिवाळीच्या सामानाच्या प्लास्टिक पेटीचं झाकण पापडासारखं वाकलं होतं. गाडीचं माप त्यांनी नीट घेतलं होतं, फळीचं घेतलं नव्हतं. म्हणून थर्मोस्टॅटशेजारी पाटी लावा : सामान या उंचीपर्यंतच.

मग ठेंगण्या छताखाली करायचं काय? नळी गाडीच्या डोक्यावर टांगूच नका. बाजूच्या भिंतीलगत, जिथून आपण चालतो त्या पट्ट्यावर ती घ्या, आणि पुस्तिकेत परवानगी असेल तेवढाच परावर्तक आत तिरका करा. मात्र तिरका केला की अंतराचे आकडे बदलतात, तक्ता पुन्हा बघायचा. लांबी बसत नसेल तर यू आकाराची नळी मिळते. तेही जमत नसेल तर विजेचे सपाट पॅनेल घ्या. ते छताजवळ बसतात, मंद तापतात. सगळं गॅरेज उबदार होणार नाही, पण जिथे उभं राहून काम करता तेवढा कोपरा होईल. आणि मोजून कुठेच जागा निघत नसेल, तर पंख्याचाच हीटर लावा. मला स्वतःला किरणांचा आवडतो, तरी हेच सांगेन.

विजेचा हिशेबही ऐकून ठेवा. २४० व्होल्टवर ५,००० वॅट म्हणजे जवळपास २१ अँपिअर. कायम बसवलेल्या हीटरला सव्वापट धरतात, म्हणजे ३० अँपिअरचं वेगळं सर्किट. एवढं करून ऊब मिळते ताशी सुमारे १७,००० बीटीयू. गॅसचं काम असेल तर शहराचं परमिट काढा, धूर भिंतीतून बाहेर सोडा, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. धुराची नळी नसलेले, धूर आतच सोडणारे फिरते हीटर बंद गॅरेजमध्ये लावू नका. याबद्दल खरं तर अर्धा तास बोलायला हवं.

दाराच्या खालचं रबर आणि भिंतीतलं इन्सुलेशन हा विषय राहिलाच. थर्मोस्टॅट नळीच्या थेट किरणांत नको, एवढं तरी लक्षात ठेवा, नाहीतर त्याला वाटतं... पण काचेपलीकडून हात वर झालाय, वेळ संपली. टपावर स्कीचा डबा बसवत असाल, तर तो बसवून मग टेप लावा.