मार आणि तुरुंग



लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्यात लहान मुलांना मार सोसण्याची सवय लावली जाते. पुढे पोलिसांच्या माराने तोंड उघडू नये म्हणून! १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. तो १९५२ साली रद्द झाला.

मारातून तुरुंग अटळ आहे काय? अमेरिकेतील विडम यांच्या १९८९ च्या अभ्यासात छळ वा हेळसांड सोसलेल्यांपैकी २६ टक्क्यांना अल्पवयातच अटक झाली होती. इतरांपैकी १७ टक्क्यांना. धोका वाढतो खरा. परंतु बहुसंख्यांवर ती वेळ आली नाही. गायकवाडांना तर वडिलांनी शाळेत घातले.

म्हणून कॅसलरॉकच्या गुरुजनांना एकच विनंती. अंगावर वळ घेऊन मूल वर्गात आले, तर छडीकडे हात जाण्यापूर्वी विचारा, “बाळ, काय झाले?”