गर्भारपणाचे पहिले महिने आणि थायरॉईड ग्रंथी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या विषयावर एका निवृत्त शिक्षकाने बोलावे याचे कित्येकांना नवल वाटेल. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले; वैद्यकाचा आम्हांस अधिकार नाही. परंतु गतवर्षी आमच्याच घरी असा प्रसंग उद्भवला की हा विषय समजून घेणे आम्हांस भाग पडले.

आमच्या धाकट्या सूनबाईंना दहावा आठवडा लागला होता. प्रकृती उत्तम, उलट्यांचा त्रास तेवढा होता. रक्ततपासणीच्या कागदावर टी.एस.एच. ०.१५ असा आकडा आला व त्यापुढे ठळक खूण. शेजारी छापलेली मर्यादा ०.४ ते ४. ती खूण पाहताच 'हा रोग व्याह्यांनी लग्नाच्या वेळी लपविला असावा' असे आम्ही ओसरीवर बोलून गेलो. सूनबाई आत होत्या. त्या दिवशी त्यांनी पान वाढून घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, गळा तपासला आणि फ्री टी-४ ची तपासणी करविली. ती योग्य आली. मग त्यांनी जे समजाविले ते आमच्या भाषेत असे.

मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नामक लहानशी ग्रंथी असते. ती हेडमास्तर समजा. टी.एस.एच. ही तिची चिठ्ठी. चिठ्ठी पोहोचली की गळ्यातील थायरॉईड ग्रंथी काम करते, आणि काम पुरेसे झाले की चिठ्ठ्या कमी होतात. गर्भ राहिल्यावर वारेकडून एच.सी.जी. नामक द्रव्य रक्तात येते. गर्भारपणाची चाचणी याच द्रव्यावर होते. त्याची घडण टी.एस.एच.शी इतकी मिळतीजुळती की थायरॉईड त्याचीही आज्ञा पाळते. आठव्या ते अकराव्या आठवड्यांच्या सुमारास हे द्रव्य सर्वाधिक असते. साहजिकच हेडमास्तर चिठ्ठ्या आवरत्या घेतात. निरोगी स्त्रीचा टी.एस.एच. या दिवसांत उतरतो तो असा. जुळी असल्यास अधिकच.

या जादा कामाचे प्रयोजनही आहे. बाळाची स्वतःची ग्रंथी सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत कामास लागत नाही, आणि पुरेसे काम तर विसाव्या आठवड्याच्या आसपास करू लागते. तोवर त्याच्या मेंदूची वाढ आईच्या पुरवठ्यावर अवलंबून. म्हणूनच गर्भवतीला आयोडीन दररोज १५० ऐवजी २५० मायक्रोग्रॅम लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉ. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी करून दाखविला; १९६२ साली सरकारने देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. हल्ली सैंधवाची हौस बोकाळली आहे, त्यांनी हे ध्यानी घ्यावे. साध्या सैंधवात पुरेसे आयोडीन नसते.

कागदावरील मर्यादा बहुधा गर्भवती नसलेल्यांची असते. २०११ साली अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने पहिल्या तिमाहीसाठी २.५ ही वरची सीमा सुचविली होती. तीमुळे पुष्कळ निरोगी स्त्रिया आजारी ठरू लागल्या. २०१७ साली त्याच संस्थेने स्थानिक स्त्रियांवरून ठरविलेली मर्यादा वापरावी, ती नसल्यास वरची सीमा सुमारे ४ धरावी, असे सांगितले. याचा अर्थ प्रत्येक खूण खोटी असा कोणी काढू नये. ग्रंथी खरोखरच बेफाम झाली आहे काय हे डॉक्टरांनीच पाहावयाचे. तसेच ज्या भगिनी आधीपासून थायरॉक्सिनची गोळी घेतात त्यांनी गर्भ राहताच ती भयाने बंद करू नये. उलट मात्रा बहुधा वाढवावी लागते, तेव्हा त्वरित डॉक्टरांस गाठावे.

सूनबाईंना एकही गोळी लागली नाही. विसाव्या आठवड्यात आकडा आपणहून वर आला, आणि यथाकाल कन्यारत्न झाले. बारशाच्या दिवशी आम्ही व्याह्यांना बाजूस घेऊन आपले ते वाक्य सांगितले व क्षमा मागितली. ते मोठ्याने हसले. सूनबाई पाळण्यापाशी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.