साठ फुटांचं मैदान

मंडळी, आपली मुलं ‘लिटल लीग’ खेळतात, पण ती सुरू करणारे कार्ल स्टॉट्झ फारसे कुणाला ठाऊक नसतात. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टचे साधे नोकरदार गृहस्थ. १९३८ साली भाच्यांबरोबर अंगणात चेंडू खेळताना लायलॅकच्या झुडपात पाय अडकून खरचटला, आणि मनात आलं, पोरांसाठी पोरांच्या मापाचं मैदान का नसावं? मोठ्यांच्या दोन बेसमधलं अंतर ९० फूट. मुलांना पळवून बघत बघत ते ६० फुटांवर आले. (आपण गल्लीत पावलांनी पिच मोजायचो, तसंच की!) मग दुकानांच्या पायऱ्या झिजवून प्रायोजक मिळवले. ६ जून १९३९ला पहिला सामना: लंडी लंबर २३, लायकमिंग डेअरी ८.

पुढे पसारा वाढला, मोठी व्यवस्थापक मंडळी आली. १९५५ साली भांडण कोर्टात गेलं आणि स्टॉट्झ स्वतःच काढलेल्या संस्थेबाहेर पडले. मला विचाराल तर माणूस कळतो तो इथेच. रुसून घरी बसले नाहीत. गावातल्या मूळ लीगच्या पोरांपाशीच राहिले. १९९२ साली वारले.

ऑगस्टात वर्ल्ड सिरीजला साउथ विल्यम्सपोर्टला गेलात, तर नदी ओलांडून त्यांच्या नावाचं जुनं मैदानही बघून या. पहिल्या बारा स्पर्धा तिथेच झाल्या.