वाद्याच्या काठाचा गोट

गोधडीची कड उसवू नये म्हणून तिला गोट लावतात. लाकडी वाद्यालाही असा गोट असतो. गिटारच्या कडेवर खाच पाडून बसवलेल्या पट्टीला बाइंडिंग म्हणतात आणि तिला आतून लागून जाणाऱ्या बारीक रेघेला परफ्लिंग.

ही सजावट गरजेतून आली. कापलेल्या लाकडाच्या तंतूंची टोके ओल लवकर शोषतात आणि आपटली की त्यांची ढलपी निघते. पोकळ गिटारात वरची फळी आणि बाजूची पट्टी यांचा सांधाही काठावरच येतो. गोट तो झाकतो. व्हायोलिनच्या काठापासून थोडी आत काळी-पांढरी-काळी अशी तीन पदरी रेघ असते. काठावर पडलेली चीर फळीच्या मध्यापर्यंत जाऊ नये, हे तिचे काम. भरीव अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारला ही गरज कमी असते, तरी गोट टिकला. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारला १९५२ मध्ये पहिल्यापासून तो होता. फेंडरने तो १९५९ च्या टेलिकास्टर कस्टमला दिला.

महाराष्ट्रात तंतुवाद्ये घडवण्याच्या कामाचे घर म्हणजे मिरज. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांची मागणी घटली आणि फरीदसाहेबांनी वाद्यांचे काम हाती घेतले, असे मिरजेत सांगितले जाते. मिरजेचा तंबोरा आणि सतार यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्यासाठी पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा लागतो. त्याच्या कापलेल्या तोंडावर लाकडी तबली, म्हणजे वरची फळी, चिकटवतात. दोन वेगळ्या जिनसांचा हा सांधा नक्षीदार पट्टीखाली जातो. पट्टीवर टोकदार हत्याराने वेलबुट्टी कोरतात, रेघांत काळी लाख भरतात आणि वरची लाख तासून काढतात. पांढऱ्यावर काळी नक्षी उरते.

ही पांढरी पट्टी पूर्वी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे. भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ च्या कायदादुरुस्तीने बंदी आली, तर बाहेरून येणाऱ्या आफ्रिकी दंतावर १९९१ मध्ये. पण हस्तिदंताला पर्याय त्याआधीच तयार होता. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताशिवाय बनवता यावेत या खटपटीतून अमेरिकेत जॉन हायट यांनी सेल्युलॉइड काढले. त्याचे पेटंट १८७० चे. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे हे मिश्रण गरम केले की वळते आणि घासले की चकाकते. मिरजेच्या तंबोऱ्यावर आणि अमेरिकेच्या गिटारवर ते असे एकाच कारणाने पोचले. त्याचे दोष दोन: ते चटकन पेट घेते आणि वर्षांनुवर्षे आक्रसत जाते. जुन्या गिटारच्या कमरेपाशी पट्टी सुटलेली दिसते ती यामुळेच. म्हणून आता एबीएस प्लॅस्टिकही वापरतात.

घरी गिटार बनवणाऱ्याने गोट बसवण्याचे काम रंग देण्याआधी करायचे. पट्टी साधारण दीड मिलिमीटर जाड असते. राउटर या यंत्राच्या बेअरिंग असलेल्या पात्याने काठाला दोन पायऱ्यांची खाच पाडतात: गोटासाठी खोल पण अरुंद, रेघेसाठी उथळ पण रुंद. राउटर तंतूंच्या उलट दिशेने चालवला तर गिटारच्या शिंगासारख्या टोकापाशी लाकडाचा तुकडा उडतो. तिथे थोडे थोडे कापावे. खाच पट्टीच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवतात, म्हणजे पट्टी जराशी वर राहते आणि नंतर तासून सपाट करता येते. वळणावर पट्टी गरम हवेने मऊ करून आधीच वाकवून घेतात. मग प्लॅस्टिक विरघळवणारा ॲसिटोनयुक्त गोंद लावून ती जागोजागी चिकटपट्टीने आवळतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावत नाहीत. लाकडाला रंग दिल्यावर गोटावर चढलेला रंग पात्याने खरवडून काढतात.

सदनिकेत हे काम करताना खिडकी उघडी आणि गॅस बंद हवा. ॲसिटोनची वाफ आणि सेल्युलॉइडचा कीस, दोन्ही ठिणगीने पेटतात.